उतरण्याच्या जागेवरची माणसं



स्कायडायव्हिंगची बातमी छापून येते तेव्हा सोबतचं छायाचित्र बहुतेक उडीचं असतं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उणे ३७ अंश तापमानात पहिली उडी घेतली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, आणि २०२३ मध्ये थेट एव्हरेस्टच्या परिसरात. प्रत्येक वेळी किती फुटांवरून उडी मारली ते ठळक छापून आलं. खाली कोण उभं होतं, वाऱ्याची दिशा कोण बघत होतं, स्ट्रेचर कुठे ठेवलं होतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बातमीदारांना बोल लावण्यात अर्थ नाही. वाचकालाही आभाळच बघायचं असतं. या परिषदेतलं आजचं अध्यक्षीय भाषण मात्र जमिनीबद्दल आहे.

पॅराशूटची छत्री उघडली नाही की माणूस मरतो, एवढीच या खेळाबद्दलची सर्वसाधारण माहिती. अमेरिकेची राष्ट्रीय पॅराशूट संघटना दरवर्षी अपघातांचा हिशेब मांडते. २०२३ मध्ये तिथे सुमारे ३६ लाख उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. या हिशेबांत एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते: छत्री नीट उघडलेली आहे, उडी मारणारा सराईत आहे, आणि अपघात होतो तो शेवटच्या काही सेकंदांत, जमिनीजवळ जोरात वळण घेताना. मृत्यूंचा मोठा वाटा अशा अपघातांचा असतो. घोटा, नडगी, मांडीचं हाड, मणका मोडतो तोही बहुधा इथेच. म्हणजे जखमी माणूस कुठे दूर रानात हरवत नाही. तो प्रेक्षकांपासून शे-दोनशे पावलांवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतो.

आणि लोक धावतात.

धावणाऱ्यांमध्ये दोन-चार जण मोबाइल काढतात हे खरं. पण बाकीच्यांना मनापासून काहीतरी करायचं असतं, आणि जे करायचं असतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. कुणी हेल्मेट ओढून काढतो. कुणी काखेत हात घालून उभं करायला बघतो. ‘पाणी पाजा’ असं एक जण ओरडतो, ‘वारा येऊ द्या’ असं दुसरा ओरडतो आणि सगळे आणखी जवळ सरकतात. मणक्याला इजा झालेल्या माणसाला उठवून बसवलं तर त्याचे पाय कायमचे जाऊ शकतात. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. शस्त्रक्रिया करावी लागणार असेल तर पोट रिकामं असणं बरं, हे तर कुणाच्या गावीही नसतं.

पॅराशूटच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. माणूस पडला तरी छत्री पडत नाही. वारा असेल तर ती पुन्हा फुगते आणि मोडक्या पायाच्या माणसाला फरपटत नेते. म्हणून पहिलं काम जखमीला हात लावण्याचं नसून छत्रीतली हवा काढण्याचं असतं: कापडाची एक कड धरायची, वाऱ्याच्या बाजूने ओढून ती आडवी पाडायची आणि अंगाखाली दाबून धरायची. हे काम शाळकरी पोरगाही करू शकतो, पण त्याला कुणी सांगितलेलं असलं तर. तसंच, छातीवरच्या आणि कमरेजवळच्या हँडलना हात लावायचा नाही, नाहीतर राखीव छत्री बाहेर येते. पट्टे सोडवणं अवघड असेल आणि उपचारासाठी ते दूर करणं भाग असेल तर कापायचे, आणि सगळं साहित्य पुढच्या चौकशीसाठी जागच्या जागी ठेवायचं.

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोह्याच्या जमिनीकडे या नजरेने बघायला हवं. कापणी झालेली भातखाचरं वरून सपाट दिसतात. त्यांतले बांध खाली आल्यावर कळतात. धरमतरच्या खाडीकडची खारजमीन मऊ वाटते, पण तिथल्या चिखलात गुडघाभर रुतलेल्या माणसाजवळ पोचायचं कसं, ते त्या भागातल्या कोळी-आगरी माणसांनाच ठाऊक. विजेच्या तारा तर सगळीकडेच. तारेत छत्री अडकली की खाली उभ्या असलेल्या धाडसी तरुणाचा पहिला विचार बांबू आणायचा असतो, आणि एकाच्या जागी दोन जीव जातात. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही, एवढं सांगायलाही तिथे कुणीतरी उभं असावं लागतं. पॅराशूटच्या नियमांत नवशिक्यासाठी लक्ष्याभोवती साधारण १०० मीटर मोकळी जागा ठेवायला सांगितलेली आहे. त्या वर्तुळाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांनी काय करायचं, याची आठवण संयोजकांना क्वचित होते.

हवेतले खेळ आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. मुरूडच्या किनाऱ्यावर २०१८ मध्ये पॅरासेलिंग करताना एका किशोरवयीन मुलाचा जीव गेला. २०२१ मध्ये अलिबागजवळ वरसोलीला दोर तुटून दोघी जणी समुद्रात पडल्या आणि लाइफ जॅकेटमुळे वाचल्या. त्याच वर्षी राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं आणि जमीन, पाणी, हवा अशा तिन्ही प्रकारांना नोंदणीची चौकट मिळाली. चौकट चांगली आहे. पण कागदावर प्रशिक्षक असतो, उपकरण असतं, विमा असतो. भोवतीची गर्दी कुठेच नसते.

गर्दीबद्दल आपल्याकडे एक ठरलेला शब्द आहे: बघे. ‘बघ्यांची गर्दी’ हे शब्द अपघाताच्या प्रत्येक बातमीत येतात, आणि रायगडच्या माणसांवर ते अन्याय करतात, असं या अध्यक्षपदावरून स्पष्ट म्हणायला हवं. ४ मे २०१४, रविवारची सकाळ. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोहा या स्थानकांच्या दरम्यान, निडी गावाजवळ बोगद्यापाशी रुळावरून घसरली. सुमारे वीस प्रवासी दगावले, शंभराहून अधिक जखमी झाले. आसपासच्या गावांतले लोक धावले. यंत्रणा येईपर्यंत डब्यांतून माणसं काढणारे हात त्यांचेच होते. कुणाला स्ट्रेचर कसं धरायचं ते शिकवलेलं नव्हतं. सावित्रीवरचा महाडचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी बस नदीत गेल्या, तेव्हा मागून येणाऱ्या गाड्या अडवणारा माणूस पुलाजवळच्या गॅरेजमधला कामगार होता. ना गणवेश, ना शिट्टी. एका माणसाने रस्त्यात उभं राहून हात हलवला आणि कितीतरी जीव वाचले.

मानसशास्त्राची पुस्तकं इथे न्यूयॉर्कची एक गोष्ट सांगतात. १९६४ मध्ये किटी जेनोविझ या तरुणीचा खून झाला आणि ३८ जणांनी तो नुसता पाहिला, असं वर्तमानपत्राने छापलं. ३८ चा तो आकडा फुगवलेला होता, हे पुढे उघड झालं. मात्र त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लटाने या दोघांनी प्रयोग सुरू केले. १९६८ च्या एका प्रयोगात खोलीत हळूहळू धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन कळवलं. तिघे अनोळखी एकत्र बसले तर ३८ टक्के गटांतच कुणीतरी उठलं. सोबतचे दोघे मुद्दाम ढिम्म बसवलेले असले तर उठणारे अवघे १० टक्के. दुसरा काही करत नाही म्हणजे काही झालेलं नसावं, असा प्रत्येकाचा हिशेब. २०१९ मध्ये मात्र ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांचं २१९ भांडणांचं चित्रण तपासलं, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत कुणीतरी मध्ये पडलेलं दिसलं. दोन्ही निष्कर्ष एकमेकांशेजारी ठेवून वाचले तर अर्थ लागतो. संकट आहे की नाही हे धुरात कळत नाही. भांडणात ते दिसतं. माणूस आभाळातून येऊन आपटला, तर तिथे संशयाला जागाच नसते. लोक मदतीला येणारच. प्रश्न उरतो तो त्यांना कामं वाटून कोण देणार, याचा.

याचं उत्तर शोधायला परदेशी जायचं कारण नाही. रोहा तालुक्यातल्या कोलाडला जावं. कुंडलिका नदीला भिरा-रवाळजेकडच्या जलविद्युत केंद्रांतून रोज सकाळी पाणी सुटतं आणि त्या पाण्यावर राफ्ट निघतात. पाण्यात पाय घालण्याआधी गाइड मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना उभं करून धडा देतो: पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा, तळावर उभं राहायचा प्रयत्न करू नका, दोरी फेकली तर दोरी धरा, हाताला गुंडाळू नका. आणि पुढचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं: शेजारचा पडला तर त्याला लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरून आत ओढा. ज्याने आयुष्यात नदीत पाय घातलेला नाही, तो अर्ध्या तासात दुसऱ्याला वाचवण्याच्या कामाचा होतो. पुराच्या दिवसांत, बुडालेल्यांच्या शोधात याच कोलाडच्या पोरांना बोलावणं येतं, यात नवल नाही.

विमानातून उडी मारणाऱ्यालाही असाच धडा मिळतो. खाली उभ्या असलेल्या त्याच्या भावाला, वडिलांना, चहाच्या टपरीवाल्याला आणि शेताच्या मालकाला मात्र कुणी काही सांगत नाही. त्यांना फक्त दोरीच्या पलीकडे उभं केलं जातं. ही संयोजकांची चूक आहे आणि ती सुधारायला पैसेही फारसे लागत नाहीत.

कायद्याची भीती हा दुसरा अडथळा. ‘हात लावला तर पोलीस आपल्यालाच धरतील’ हे वाक्य वडखळपासून कोलाडपर्यंतच्या महामार्गावर अजून ऐकू येतं. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं की आधी उपचार, कागदपत्रं नंतर. ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांना त्रास न देण्याच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. पण हे कलम मोटार अपघातापुरतं आहे. छत्री घेऊन शेतात पडलेला माणूस किंवा नदीत उलटलेली राफ्ट त्यात बसत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मधलं सद्हेतूने केलेल्या कृतीचं सर्वसाधारण संरक्षण आहे, आणि ते वकिलांखेरीज फार थोड्यांना माहीत आहे. मदत करणाऱ्याचं संरक्षण सगळ्याच अपघातांना लागू व्हावं, असा ठराव या परिषदेने करायला हरकत नाही.

तिसरा अडथळा पत्त्याचा. १०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे; सुरुवात ९३७ गाड्यांनी झाली. गाडी येते, पण ती महामार्गावरून कुठल्या फाट्याला वळायची हे चालकाला कळावं लागतं. ‘मोठ्या वडाच्या पुढे, शाळेमागे’ हा पत्ता गावकऱ्याला पुरतो, चालकाला नाही. म्हणून एक माणूस फाट्यावर उभा हवा. हे गर्दीतल्या कुणालाही देता येण्याजोगं काम आहे, आणि बहुतेक वेळा तेच राहून जातं.

मदतीचा एक धोका सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. भर पावसात, निसरड्या पायवाटेने गिर्यारोहक आणि स्वयंसेवक अंधारात वर चढले. त्या चढणीत नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. तो तर सेवेतला माणूस. भावनेच्या भरात धावणाऱ्या अप्रशिक्षिताचं काय होईल, याचा अंदाज त्यावरून करावा. कुणी पुढे जायचं आणि कुणी खालीच थांबायचं, हे ठरवणारा एक माणूस प्रत्येक ठिकाणी असायला हवा, आणि त्याचं ऐकलं जाईल अशी व्यवस्था आधीच हवी.

तेव्हा संयोजकांकडे मागणं साधं आहे. उडी असो, राफ्टिंग असो की किनाऱ्यावरचं पॅरासेलिंग, हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या गावच्या सरपंचांना, पोलीसपाटलांना, शेतमालकांना आणि टपरीवाल्यांना बोलवा आणि एकदा खोटा अपघात करून बघा. छत्री कोण पाडणार, जखमीची मान स्थिर कोण धरणार, १०८ ला कोण फोन करणार, फाट्यावर कोण थांबणार, ही चार नावं त्या दिवशीच्या फलकावर लिहा. प्रत्येक उडीच्या आधी प्रेक्षकांना पाच मिनिटं द्या. पेण आणि रोह्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर या सरावाला यायला तयार होतील असा भरवसा वाटतो. त्यांच्यापैकी काही जण आज सभागृहात आहेत, त्यांना निघण्यापूर्वी गाठा आणि तारीख ठरवा.