मलमल वेगळी, मांजरपाट वेगळं

फौजेतला माणूस कापडावर काय बोलणार, असं वाटेल तुम्हाला. पण जवानाच्या सामानात सुईदोऱ्याची पिशवी असतेच. बटण तुटलं तर तिथे घरचं कुणी नसतं!

इथे बेंगळुरूत चिकपेटला कापड घ्यायला जाणाऱ्या आपल्या लोकांचा एक घोळ हमखास होतो. मुलगी इंग्रजी व्हिडिओ पाहून शिवण शिकते. त्यात सांगतात, ब्लाउज आधी ‘मस्लिन’वर बेतून पाहा. ती मलमल आणते. ती अंगावर ओघळते, माप काही कळत नाही. अमेरिकेत मस्लिन म्हणजे साधं कोरं सुती कापड, आपल्या मांजरपाटासारखं. नमुना बेतायला तेच घ्यायचं. मलमल हवी असेल तर इथे ‘मल कॉटन’ म्हणून मागा. तिसरी वायल. दिसते मलमलीसारखी, पण तिच्या धाग्याला पीळ जास्त, म्हणून हाताला किंचित कडक. साडीला उत्तम. तान्ह्या बाळाच्या झबल्याला, टोपड्याला मात्र मलमलच.

दुकानदार ६०, ८०, १०० असा काउंट सांगेल. तो असा मोजतात: ८४० वारांची एक लड, आणि एक पौंड सुतात अशा जितक्या लडी बसतील तितका काउंट. १०० काउंट म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये ८४ हजार वार, जवळजवळ ७७ किलोमीटर सूत. पुण्याहून निघालं तर लोणावळा मागे टाकेल! पण काउंट मोठा म्हणजे कापड चांगलंच, असं नव्हे. बारीक सूत विरळ विणलं तर टाक्याजवळ धागे सरकतात. म्हणून कापड उजेडाकडे धरा आणि वीण सारखी आहे का पाहा. मग दोन बोटांत चोळा. पांढरी भुकटी पडली तर ती खळ. पहिल्या धुण्यात ती जाईल आणि जाड वाटलेलं कापड जाळीसारखं होईल. कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी जपून जाळून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, राख मऊ पडते. गोळी झाली तर भेसळ.

कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात ठेवून वाळवा, आटायचं तेवढं आटू दे. सुई ९ किंवा ११ नंबरची, टाका बारीक. बाळाचे कपडे शिवताना शिवण आधी सुलट्या बाजूने मारा, कडा छाटा, मग उलटून पुन्हा मारा. धागे आत बंद होतात, बाळाला टोचत नाहीत. धुताना सॉफ्टनर नको, कापड पाणी शोषेनासं होतं. आणि झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ सुटं दुपटं ठेवू नका, कितीही पातळ असलं तरी.

स्वयंपाकघरात चक्का टांगायला दुपदरी मलमल पुरे. पाणी गाळण्याची गोष्ट मात्र मोठी आहे. नारू आठवतोय का? पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक जीव असतो, सायक्लॉप्स. त्याच्या पोटातून नारूची अळी माणसात जायची. दाट विणीच्या कापडातून पाणी गाळलं की तो जीव वरच अडकतो. नारूवर औषधही नव्हतं, लसही नव्हती. गाळलेलं पाणी आणि सुधारलेल्या विहिरी यांच्या जोरावर भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पुढे बांगलादेशात रीटा कोलवेल यांच्या गटाने गावकऱ्यांना जुनी सुती साडी अनेक पदरी करून पाणी गाळायला लावलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला होता. साडी जुनीच का? धुऊन धुऊन धागे फुलतात, भोकं बारीक होतात.

तरीही कापडाने पाणी निर्जंतुक होत नाही. उकळायचं किंवा क्लोरीन टाकायचं ते टाकाच. गाळणं रोज धुऊन उन्हात वाळवा आणि दर वेळी तीच बाजू वर ठेवा. ओळखायला कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घाला.