कांद्याच्या वाफ्यातली पाथरी



आज बोलायचं आहे ते कुणी पेरत नाही अशा एका भाजीबद्दल. ती आहे पाथरी. दिवाळीनंतर बांधावर, पाटाच्या कडेला, पडीक रानात आणि हमखास कांद्याच्या वाफ्यात ती दिसते. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव लोनिया प्रोकम्बेन्स. फूल पिवळं. ते वाळलं की पांढऱ्या केसांचं बी वाऱ्यावर उडतं आणि रानोरान पसरतं.

आपल्या देवळा तालुक्यात पावसाचा भरवसा नाही. पाथरी मात्र थोड्या ओलीवर तग धरते. याचं कारण तिच्या बांध्यात आहे. पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात, म्हणून झोंबरा वारा त्यांना कमी लागतो. सोटमूळ खोल जातं आणि खालची ओल घेतं. वरून पानं खुडली तरी मुळाच्या डोक्यातून पुन्हा फुटवा येतो. म्हणूनच नुसत्या वरवरच्या खुरपणीने ती मरत नाही.

पाथरी ओळखायची कशी? पान गुळगुळीत असतं, कडा कातरलेल्या आणि कडांवर बारीक पांढरट दाते. पान तोडलं की पांढरा चीक येतो. गाजरगवत याच कुळातलं. त्याचं कोवळं रोपही जमिनीलगत पसरतं, पण त्याचं पान बारीक चिरलेलं आणि लवदार असतं. त्याला चीक नसतो. गाजरगवताने अंगाला खाज सुटते. ते भाजीत येता कामा नये.

चवीला पाथरी किंचित कडवट. कोवळी पानं धुऊन, चिरून, कांदा, तिखट-मीठ आणि वर तेल घालून बाजरीच्या भाकरीबरोबर कच्चीच खातात. मुगाची डाळ घालून परतूनही छान होते. जनावरं आवडीने खातात. दुभत्या गाई-म्हशींना पाथरी घातली की दूध वाढतं, अशी जुनी समजूत आहे.

आता मुख्य मुद्दा. गेल्या हंगामात एका शेतावर गेलो होतो. कांद्याची खुरपणी चालली होती. दोन बायांनी ओटीत पाथरी जमवली होती. मालकाला विचारलं, फवारणी कधी केली? म्हणाला, परवाच. मी त्यांना भाजी टाकून द्यायला सांगितलं. त्यातली एक मावशी म्हणाली, "साहेब, एवढी हिरवीगार आहे. औषध लागलं असतं तर जळाली नसती का?"

मंडळी, इथेच आपली फसगत होते. कांद्यात क्विझालोफॉपसारखं तणनाशक वापरतात. ते गवतवर्गीय तणांना मारतं. पाथरी रुंद पानाची, ती त्यात जळत नाही. फुलकिड्यांसाठी आणि करप्यासाठी जी औषधं फवारतो, त्यांनीही ती जळत नाही. औषध पानावर असतं आणि पान मात्र टवटवीत दिसतं. धुतल्याने वरचं थोडं जाईल, पण आत शोषलेलं जात नाही. डाळिंबाच्या बागेतल्या पाथरीचंही तेच. डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. ते त्या पिकासाठी असतं, पाथरीसाठी नसतं.

फवारणी कधी झाली हे मालकाला माहीत असतं, मजुरी करणाऱ्या बाईला नसतं. भाजी मात्र तिच्या घरी शिजते आणि तिच्या पोरांच्या ताटात जाते. तेव्हा खुरपणीला बाया आल्या की आधी सांगणं हे मालकाचं काम आहे. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.

म्हणून पाथरी खायची सोडायची का? मुळीच नाही. 1972 च्या दुष्काळात असल्या रानभाज्यांनीच कित्येक घरांना आधार दिला. परसात न्हाणीच्या पाण्यावर एक वाफा धरा. बांधावरचं पिकलं बी आणून विसकटा, किंवा मुळासकट रोपं लावा. पानं वरून खुडा, मूळ राहू द्या. घरची भाजी, तीही बिनफवारणीची.

थोडक्यात लक्षात ठेवा :

1. कांद्याचं मूळ उथळ असतं. लागणीनंतर पहिला दीड महिना वाफे तणमुक्त ठेवा. पाणी दिल्यावर वाफसा आला की पाथरी मुळासकट काढा.
2. फवारलेल्या शेतातली पाथरी त्या हंगामात खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.
3. चीक पाहून ओळख पटवा. शंका आली तर घेऊ नका.
4. भाजी खाल्ल्यावर मळमळ, उलटी, चक्कर असा त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

फवारणीची तारीख एका वहीत लिहून ठेवा आणि शेतात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

– कृषी विस्तार अधिकारी, देवळा