पूर्णाकाठचं जवळा बाजार

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं जवळा बाजार हे परिसरातल्या खेड्यांचं बाजाराचं गाव. इथल्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात सोयाबीन, तूर आणि हळद येते. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा या साऱ्या पट्ट्याला रास्त अभिमान आहे.

या पट्ट्याचं जीवन पूर्णा नदीवर उभं आहे. जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणात पाणी साठतं, तिथे वीज तयार होते, आणि मग तेच पाणी खाली सिद्धेश्वर धरणात येऊन कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारांत पोचतं. एकाच पाण्यातून वीज आणि सिंचन! म्हणूनच येलदरी किती भरलं, ही चौकशी इथे पावसाळाभर चालते.

कारभाराचं म्हणाल, तर १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. गावातले दिवे, गटारं, नळाचं पाणी ग्रामपंचायतीकडे. पंचायत समिती औंढ्याला, जिल्हा परिषद आता हिंगोलीला. ग्रामसभा मात्र गावातच भरते. नळाला पाणी का नाही, हा प्रश्न तिथे उभं राहून विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. बहिणींनो, तो तुम्ही जरूर वापरा.