दवाखाना नसलेला डॉक्टर

‘डॉक्टर, तुमचा दवाखाना कुठे?’ हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून विचारला जातो. दवाखाना नाही, मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो, असे सांगितले की पुढचा प्रश्न येतो, ‘मग स्पेशालिस्ट कशाचे?’ रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा, आणि त्यातही लहान मुले व किशोरवयीन मुलामुलींच्या सार्वजनिक आरोग्याचा, असे उत्तर दिले की समोरचा गप्प होतो. आमचे विद्यार्थी या विषयाला ‘पीएसएम’ म्हणतात आणि पास होण्यापुरता वाचतात. गुणवत्ता यादीतली पहिली मुले क्ष-किरणशास्त्राकडे, हृदयरोगाकडे वळतात. आमच्या वाट्याला बहुधा ज्यांना दुसरे काही मिळाले नाही ते येतात. हे चित्र बदलावे असे मला वाटते, आणि त्याचे कारण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातच सापडते.

बालरोगतज्ज्ञ समोर आणलेल्या बाळावर उपचार करतो. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण जे बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नाही, त्याचे काय? ते कोणत्या गावचे, कितव्या दिवशी गेले, कशाने गेले, आणि तशीच आणखी किती गेली, हे प्रश्न आमच्या विषयाचे. त्यांची उत्तरे खाटेजवळ मिळत नाहीत. त्यासाठी गाव गाठावे लागते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. अशा मुलखात डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले आणि १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम करू लागले. त्यांच्या कामाच्या गावांत सुरुवातीला दर हजार जन्मांमागे १२१ बाळे वर्षाच्या आत दगावत होती.

त्यांनी पहिल्यांदा मोजले. ऐकायला सोपे वाटते, पण तिसऱ्या दिवशी बाळ गेलेली आई परक्या माणसाला ते सहज सांगत नाही. अशा बाळाचे नावही ठेवलेले नसते, मग नोंद कोण करणार? त्यासाठी गावातलेच, ओळखीचे माणूस लागते. मोजल्यावर दिसले की न्यूमोनिया हे बालमृत्यूचे एक मोठे कारण आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल तर तो धोक्याचा इशारा. पण ज्या दाईला दहाच्या पुढे मोजता येत नाही तिने हे कसे ओळखावे? त्यासाठी एक साधे यंत्र तयार झाले. मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी सरकणारे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनियावरचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया नवजात बाळांना घरी जाऊन तपासू लागल्या. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानाला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे ही त्यांची कामे. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला होता. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी बाळंतिणीच्या घरी भेटी देण्याची संयुक्त शिफारस केली. २०११ पासून आपल्या देशात ‘आशा’ कार्यकर्ती अशा भेटी देते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा, घरी झाले असेल तर सात.

वर्गात हे सांगून झाले की मी मुलांना विचारतो, या शोधात सर्वांत महागडे उपकरण कोणते होते? कोणी काही सांगते, कोणी काही. माझ्या मते ते होते त्या गावांत घालवलेली वर्षे. आमच्या क्षेत्रात बढतीसाठी शोधनिबंध मोजतात, आणि ते मोजायलाही हवेत. पण दोन महिन्यांत प्रश्नावली भरून उरकलेल्या निबंधाने गावाला काहीच मिळत नाही.

तान्ही बाळे मोजायला आपण शिकलो. दहा ते एकोणीस या वयाकडे मात्र अजून पुरेसे लक्ष नाही. या वयाची मुले मरण पावण्याचे प्रमाण कमी, म्हणून ती निरोगीच आहेत असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आश्रमशाळेतल्या मुलीच्या रक्तात लोह कमी असते. कोणाला सिकलसेल असतो. सातवी-आठवीतल्या मुलाच्या खिशात खर्र्याची पुडी सापडते. पाळीच्या दिवसांत काही गावांतल्या मुली अजून कुरमाघरात राहतात. डॉ. राणी बंग यांनी तरुणांसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरे घेतली, कारण शरीराविषयीचे प्रश्न विचारायला मुलांना दुसरी जागाच नव्हती. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. पण गोळी वाटली गेली आणि गोळी पोटात गेली यात अंतर असते. ती मुलगी गोळी का थुंकते, हे तिच्या भाषेत, माडियात किंवा गोंडीत, विचारणारे कोण आहे?

माझ्या एका विद्यार्थिनीला ते विचारता येते. ती एटापल्लीकडची, आश्रमशाळेत शिकलेली. तिला पदव्युत्तर शिक्षण याच विषयात घ्यायचे आहे. तिच्या वडिलांनी मला विचारले, ‘सर, मग ती सुई देणार नाही का? गावात तिला डॉक्टर कोण म्हणेल?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. सगळे घर तिच्यासाठी झिजले आहे. मी त्यांना म्हटले, दादा, ती सुई देईलच, पण सुईची वेळच किती मुलांवर येऊ नये हेही पाहील. त्यांचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. निर्णय अजून व्हायचा आहे.

चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा महाविद्यालयांत गडचिरोलीचेही आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असा नियमही आता आहे. हा नियम वहीत सह्या गोळा करण्यापुरता उरतो की त्यातून गावची ओळख होते, हे त्या मुलांबरोबर पायी हिंडणाऱ्या शिक्षकावर अवलंबून आहे. असा शिक्षक बाहेरून बदलीवर आला तर बहुधा परतीच्या आदेशाची वाट पाहतो. तो इथल्याच मातीतून तयार झाला तर टिकेल.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. तुमची मुलगी किंवा मुलगा उद्या म्हणाला की मला हा विषय घ्यायचा आहे, तर ‘मार्क कमी पडले का?’ असे विचारू नका. कोणत्या गावात काम करणार, एवढे मात्र जरूर विचारा.