घंटा वाजते, पुढे काय?

ठाण्याच्या पूर्वेस, रेल्वेचे रूळ आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या आपल्या कोपरीत ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, त्यांना उत्तररात्रीचा प्रहर किती कठीण जातो हे सांगण्याचे प्रयोजन नाही. आजोबा लघवीसाठी उठतात, मोरी कोणीकडे हे त्यांना उमगत नाही, ओल्या लादीवर पाय पडतो, उंबरठा आड येतो आणि खुब्याचे हाड मोडते. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला आहे, आणि त्यांत वृद्धांचा भरणा सर्वाधिक.

यावर आता यंत्रांची तजवीज निघाली आहे. गादीखाली अंथरायची एक चटई असते. तिच्यावरचा भार उतरताच शेजारच्या खोलीत निजलेल्या मुलापाशी, किंवा रुग्णसेवा ब्यूरोतून आलेल्या मावशींपाशी, घंटा वाजते. मनगटावरचे यंत्रही वर्दी देते, परंतु बहुधा माणूस पडल्यानंतरची. कॅमेऱ्याला तर काहीच वर्ज्य नाही. तो न्हाणीघरात लावावा हे मला मुळीच रुचत नाही, कारण 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत ठरविलेला खासगीपणाचा हक्क स्मृती गेली म्हणून खारीज होत नाही.

तथापि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, रुग्णालयातील खाटांना अशा घंटा लावण्याचे प्रमाण वाढवूनही रुग्णांचे पडणे घटले नाही, असे आढळले. मला यात नवल वाटत नाही. घंटा वाजल्यापासून माणूस येईपर्यंतच्या अवधीतच पाय घसरतो. शिवाय कूस बदलली तरी वाजणाऱ्या घंटेला कंटाळून मावशी एके रात्री ती बंदच करून ठेवतात, आणि त्यांना तरी बोल कसा लावावा? काही घरांत रुग्णाला ओढणीने खाटेस बांधण्याचा बंदोबस्त होतो. तो तर सर्वस्वी त्याज्य, कारण सुटण्याच्या धडपडीत माणूस अधिकच वाईट पडतो.

चटईचा खरा उपयोग घंटेपेक्षा उठण्याच्या वेळांच्या तिच्या नोंदीत आहे. आजोबा रोज तीनच्या सुमारास उठतात, हे आठवडाभराच्या नोंदीवरून कळले की अडीचलाच त्यांना हात धरून मोरीत नेऊन आणता येते.

तेव्हा प्रथम मोरीत रात्रभर दिवा ठेवावा, उंबरठ्याला उतार करून घ्यावा, खाट बुटकी करावी, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना पुन्हा दाखवाव्यात. आणि एवढे करून पैसे उरले, तर चटई अवश्य घ्यावी.