आधी बॉनेट, मग चावी

बावधनच्या आमच्या बचत गटातल्या तिघीजणी सध्या चारचाकी शिकतायत. लर्निंग लायसन निघालंय. तीस दिवस झाले की भोसरीच्या आयडीटीआर ट्रॅकवर टेस्ट देता येईल. तिघींचा जीव रिव्हर्समध्ये अडकलाय. परवा मी विचारलं, "बॉनेट उघडून बघितलंय का कुणी?" एक म्हणाली, "ते आमचे हे बघतात." दुसरी म्हणाली, "क्लासच्या सरांनी कधी उघडलंच नाही."

माझंही तसंच होतं. पहिल्याच वेळी पास झाले, पेढे वाटले. पुढं तीन महिन्यांनी, ऐन एप्रिलात, पौडहून गटाचा माल घेऊन परत येताना पिरंगुटचा घाट चढत होते. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, हाताला ओढणी गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवणार, तेवढ्यात मागचा टेम्पोवाला ओरडला, "ताई, हात लावू नका!" वाफ भरलेला कुकर तसाच उघडला तर काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिथंही पाणी तसंच दाबाखाली असतं. तोंड भाजलं असतं माझं. इंजिन गार होईस्तोवर बसून राहिले. मग बघितलं तर कूलंटची बाटली कोरडी ठणठणीत! तीन महिन्यांत मी एकदाही बघितली नव्हती.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १५ मध्ये, टेस्टला काय तपासायचं ते दिलंय. आरसे लावण्याच्या पाठोपाठ इंजिन सुरू करण्याआधीची खबरदारीही त्यात आहे. ट्रॅकवर साहेब बॉनेट उघडायला सांगतीलच असं नाही. पण घाटात साहेब नसतात.

तर सकाळी, इंजिन गार असताना, गाडी सपाट जागेवर लावा. हँडब्रेक ओढा, चावी काढून घ्या. ओढणी खोचा, वेणी आत घ्या. इंजिन गरम असेल तर पुढचा पंखा गाडी बंद असतानाही आपोआप फिरू शकतो. आणि बांगड्या, अंगठी काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम लागला तर ठिणगी उडते, हात भाजतो.

पहिलं बघायचं ते इंजिन ऑइल. डिपस्टिक म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, तिचं टोक बहुधा पिवळं असतं. ती ओढून काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग बाहेर काढून बघा. पहिल्या वेळी काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, तिच्यावर ऑइल उडालेलं असतं. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे ऑइल हवं. कमी असेल तर थोडं थोडं घाला. वरच्या खुणेपलीकडे भरलेलंही वाईटच. ओम्नी, इकोसारख्या व्हॅनमध्ये बॉनेटखाली शोधत बसू नका, तिथं इंजिन पुढच्या सीटखाली असतं.

मग कूलंट. झाकण उघडायची गरज नाही, बाटलीवरच्या दोन खुणा बाहेरून दिसतात. ब्रेक ऑइलची छोटी बाटलीही तशीच बाहेरून बघा. ते मात्र उतरलेलं दिसलं तर नुसतं भरून गाडी काढू नका. ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठंतरी गळतंय, मेस्त्रीला दाखवाच. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर तीही त्याच्याकडून साफ करून घ्या. वायपरचं पाणी आपलं आपण भरावं.

आपल्या मुळशीत भाताचा पेंढा गाडीशेजारी रचलेला असतो. उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. लेंड्या दिसल्या तर वायरी नीट निरखा. शेवटी गाडी थोडी पुढं घेऊन खालची जमीन बघा, ताजा डाग आहे का.

सगळं मिळून पाच मिनिटं. चहा उतू जाईपर्यंतसुद्धा आपण एवढा वेळ उभ्या असतो! शिवाय गॅरेजवाला "ऑइल संपलंय ताई" म्हणाला, तर "पट्टी दाखवा" असं म्हणता येतं. मी म्हटलंय एकदा. पट्टी भरलेली निघाली.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता समाजमंदिरासमोर गाडी उभी असेल, गार इंजिनाची. तिघी तर येणारच आहेत, तुम्हीही या. येताना एक जुनं सुती फडकं आणा.