पाटी नसलेला पाणवठा



ज्ञातीच्या थोर पूर्वजांविषयी आम्ही बोलावे, अशी स्वागतसमितीची इच्छा होती. ते काम करणारे वक्ते आपणांत पुष्कळ आहेत. जो इतिहास अशा संमेलनांतून सहसा निघत नाही, तो आज आम्ही काढीत आहो. अस्पृश्यता कायद्याने कशी संपली व आपल्या हातून किती संपली, हा तो विषय होय.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांचे व काळ्यांचे पाण्याचे नळ, शाळा, आगगाडीचे डबे निरनिराळे असत. तो भेद तेथील कायद्यांतच लिहिलेला होता, आणि १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यास मान्यताही दिली होती. १९५४ साली त्याच न्यायालयाने शाळांतील भेद घटनाबाह्य ठरविला, पुढे १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि निदान नळावरील पाट्या तरी उतरल्या. आपल्या पाणवठ्यावर पाटी नव्हतीच. कोणी कोणत्या विहिरीवर जावयाचे, हे पोरास चालता येऊ लागण्यापूर्वीच ठाऊक असे. जी पाटी लावलीच नव्हती, ती उतरवावी कोणी?

सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा श्री. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथील पाणी प्याले, तेव्हा सत्याग्रहींस मारहाण झाली. पुढे विरोधकांनी दिवाणी दावा लावला. वहिवाट अनादि कालापासूनची आहे, हे काही त्यांस सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. ओंजळभर पाण्यास दहा वर्षे लागली. तीन दिवस कमी, एवढेच!

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा ठराव येथे लागू नव्हता. परंतु आपल्याच कसबे तडवळ्यास फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली व बाबासाहेब तीस स्वतः आले होते. पुढे १९४८ साली संस्थान भारतात आले. २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, १ जून १९५५ पासून ती पाळणे शिक्षापात्र गुन्हा ठरले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने किमान एक महिन्याची कैदही आली.

आता आमचे स्वतःचे सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोर होतो. खडी फोडण्याच्या कामावर पिंपातील पाणी वाटण्याचे काम आमच्याकडे आले. आपल्या माणसांस पेला दिला जाई; महारवाड्यातील व मांगवाड्यातील माणसांच्या ओंजळीत ओगराळ्याने वरून ओतले जाई. असे करण्यास आम्हांस कोणीही सांगितले नव्हते. एके दुपारी आमच्याच वर्गातील एक मुलगा पुढे आला. शाळेत तो आमच्या शेजारी बसत असे. आम्ही हात उंच धरला. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले, ओंजळ सोडली व तो खडीच्या ढिगाकडे निघून गेला. त्या दिवशी तो पुन्हा पाण्यास आला नाही. कायद्यास तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

पुढे आम्ही शिक्षक झालो. सतरावे कलम मुलांकडून वर्षानुवर्षे पाठ करून घेतले. त्या मुलाची क्षमा मात्र मागितली नाही. आता तो हयात नाही.

ज्ञातिबंधूंनो, आज सकाळच्या मिरवणुकीत हलगी वाजविणारे चौघे जण या क्षणी मंडपाबाहेर बसलेले आहेत. दरवर्षी त्यांची पाने सर्वांची पंगत उठल्यावर मागील बाजूस मांडली जातात. त्यांस कोणी हाकलीत नाही, कोणी शिवीही देत नाही. केवळ रीत म्हणून ते थांबतात. भोजनसमितीस आम्ही सकाळीच कळविले आहे, की आमचे पान त्या चौघांच्या पानांशेजारी मांडावे. पहिल्या पंगतीत मांडा अथवा मागे मांडा, आम्ही तेथे बसू. समितीचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि जेवणाची वेळ तर झाली आहे.